आबाला मधी घेऊ नको

कचरूने मोसंबीच्या बुडाची मूठभर माती उचलली आणि नाकाला लावली.

"आता चाखूनबी पाहा," झुंबरबाई म्हणाली. "मंग काही राह्यलं न्हाई."

बायकोच्या टोमण्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. बांधालगतची मोसंबीची अख्खी ओळ वाळत चालली होती. आतल्या ओळींना तेवढंच पाणी, तेवढंच खत, आणि त्या हिरव्यागार. वाळली ती नेमकी भागवतकडची. बांधापलीकडे भागवतचं, त्याच्या धाकट्या भावाचं, रान होतं. तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन बांधावरून एक फेरी मारायला कितीसा वेळ लागतो?

भागवतने गेल्या साली आपल्या बाजूची मोसंबीची ओळ काढून तिथे गुरांसाठी घास पेरला होता. फळावर आलेली झाडं कोणी उगाच काढतं का? औषध मारताना स्वतःची झाडं मध्ये नकोत म्हणून काढली, हे कचरूने मनाशी पक्कं केलं होतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. कचरूला आता भागवतचा रामरामसुद्धा पिवळा दिसत होता.

अर्पिताच्या, म्हणजे स्वतःच्या पोरीच्या, लग्नाचं आवतण घेऊन भागवत आला, तेव्हा कचरू त्याला थेट बांधावरच्या वडापाशी घेऊन गेला होता. त्यांचे वडील वारले त्या दुष्काळात गोदावरी कोरडी पडली होती. म्हणून दोघा भावांनी आबांची रक्षा बांधावर खड्डा करून ठेवली, वर वड लावला आणि उन्हाळाभर खांद्यावरून पाणी वाहून तो जगवला.

"आबावर हात ठेव," कचरू म्हणाला होता. "म्हण, म्या काही टाकलं न्हाई. मंग येतो लग्नाला."

भागवतने हात पुढे केला, वर वडाकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"आबाला मधी घेऊ नको, दादा."

झालं. कचरूला आणखी काय हवं होतं? लग्नाला जायचं नाही, असं त्याने घरात सांगून टाकलं. अर्पिता त्याच्याच खांद्यावर बसून जांबची जत्रा बघायची, हे आठवलं की त्याचा राग उलट वाढायचा.

उद्या हळद होती. कुंभार पिंपळगावचा औषधवाला म्हणाला होता, तणनाशक असेल तर मुळं काळी पडलेली निघतील. ती मुळं चार माणसांत नेऊन आपटायची, या ईर्षेने कचरूने टिकाव घातला. झुंबरबाई कपाळाला हात लावून विहिरीकडे निघून गेली.

गुडघाभर खाली मोसंबीची मुळं लागली. बारीक होती, पण काळी नव्हती. त्यांच्या अवतीभवती मनगटाएवढी दुसरीच मुळं पसरली होती आणि ठिबकची सगळी ओल त्यांनीच धरली होती. कचरूने एकावर घाव घातला. पांढरा चीक भळभळून त्याच्या बोटांवर आला.

मोसंबीला चीक नसतो. त्याने मान वर करून वडाकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

पलीकडे घास कापणारा भागवत विळा खाली ठेवून बांधावर आला.

"दिसलं का?"

"तुला कवापासून म्हाईत?"

"माझी ओळ वाळली तवा उकरून पाह्यलं व्हतं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? आबा आपलं पाणी पेऊन राह्यलेत म्हणू? तू तवाच कुऱ्हाड घेऊन आला असता."

आला असता, बिलकुल आला असता. कचरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पायानेच माती खड्ड्यात लोटू लागला, तसं भागवतने फावडं हातात घेतलं.

खड्डा भरत आला तेव्हा झुंबरबाई पाण्याची कळशी घेऊन परतली.

"काय निघालं?"

"काही न्हाई," कचरू म्हणाला. "ही ओळ काढून टाकू. घास पेरू."

तिने भागवतकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चिकट बोटांकडे, मग वडाकडे. कळशी वाकडी करून तिने त्याच्या हातावर पाणी धरलं.

"निस्त्या पाण्यानं जात न्हाई तो चीक. घरी चला, तेल लावून घासा. उद्या पोरीला हळद लावायची."