संप झाला नसता तरी

‘अर्थशास्त्र आणि आर्थिक इतिहास : सर्वसामान्य वाचकांसाठी सहा पुस्तकं’ अशी यादी मी वाचनालयाच्या फळ्यावर लावली, तेव्हा महिनाभर कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी मावशी आल्या. बटणांच्या कारखान्यात बावीस वर्षं बटणं निवडायचं काम केलेल्या. कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली होती.

“यात कारखाने का बंद पडतात ते आहे का गं?”

“तिसऱ्या पुस्तकात आहे. पण जाडजूड आहे हो.”

“असू दे. मला कुठे घाई आहे?”

खरं तर कारण त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यांचा दादा कामगारांचा पुढारी. त्याने संप पुकारला, फाटकाला कुलूप लागलं, ते पुन्हा उघडलंच नाही. मावशींनी सारं खापर त्याच्यावर फोडलं. “आमच्या पोटावर पाय दिलास,” असं चारचौघांत बोलल्या आणि अबोला धरला. मागच्या वर्षी तो वारला, तेव्हाही त्या त्याच्या घरी गेल्या नाहीत. आता संपानेच कारखाना बुडाला, हे त्यांना छापील हवं होतं, एवढंच.

रोज दोन तास खिडकीपाशी बसून, ओळीखाली बोट धरून त्या वाचायच्या. ‘आयात शुल्क’ म्हणजे काय, हे मीच त्यांना समजावलं. सोळाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. बोट एका परिच्छेदावर होतं. मोठी यंत्रं आली, बाहेरून स्वस्त माल आला आणि दहा वर्षांत लहान बटण-कारखाने एकेक करून बुडाले. कुठे संप झाला होता, कुठे नाही.

“म्हणजे संप झाला नसता तरी?”

मला खोटं बोलता आलं असतं. “तरीही बंदच पडला असता, मावशी.”

“दादा हेच सांगत होता. मालक गुपचूप यंत्रं विकतोय म्हणाला. मी म्हटलं, तुला पुढारीपणाची हौस.”

त्या पुस्तक घेऊन तशाच वहिनीकडे गेल्या. वहिनीने उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

“हे कळायला तुम्हाला पुस्तक लागलं, वन्सं?” ती म्हणाली. “शेवटचे आठ दिवस ते दाराकडे बघत होते. तेव्हा यायचं होतंत.” आणि तिने दार लोटून घेतलं.

हे मला मावशींच्या मुलीकडून कळलं. त्या वाचनालयात येईनाशा झाल्या, म्हणून मी घरी गेले होते. मावशी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

“तुझी काही चूक नाही गं,” त्या म्हणाल्या. “पण पाच वर्षं त्याच्यावरच्या रागावर ढकलली मी. आता दिवस कसा काढू?”

मी उठले. मुलगी जिन्यापर्यंत पोचवायला आली.

“धड जेवत नाही ती,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हाला पाहिलं की तिला ते सगळं आठवतं. पुन्हा येऊ नका, ताई.”

मी गेले नाही.