वाईला उतरायचं कुठं

ऐक गं पूजे, नुसतं ऐक. मधी बोलू नको. सगळं झाल्यावर बोल काय बोलायचं ते.

आमची संयोगिता म्हाइत हाय न्हवं, जिच्या मेंदीचं फोटो तू काढलंवतंस ती. लग्नाला बारा दिवस झालं, तवाची ही गोष्ट. बारा दिवसांत नवऱ्याबरोबर ती एकटी कितीदा बसली असंल, सांगू? एकदाबी न्हाई. हळदीचं पाय धुतलं, पूजा झाली, गोंधळ झाला. गोंधळ होईपातूर नवरा-नवरी येगळी, ही तर रीतच हाय. आन् गोंधळ झाला त्या सकाळीच सासूबाईंनी यादी काढली. नव्या जोडप्यानं कुणाकुणाच्या दारात तोंड दाखवायचं त्याची यादी.

दिराची मोटारसायकल घेतली आन् निघाली दोघं. तू म्हणशील गाडीवर तरी दोघंच की. आगं, गाडीवर मागं बसून नवऱ्याशी बोलायचं म्हंजे हेल्मेटशी बोलायचं. ही "तहान लागलीया" म्हणायची, त्यो "व्हय, व्हय, कऱ्हाड आलंच" म्हणायचा.

पालीचा खंडोबा झाला. साताऱ्यात दोन घरं, फलटणला चुलत नणंद. प्रत्येक घरी पुरणपोळी, ओटी, टॉवेल-टोपी, नारळ. नारळ तर इतकं झालं की पाठीवरच्या बॅगंत ते एकमेकांवर आपटायचं आन् गाडी खड्ड्यात गेली की हिच्या पाठीत बसायचं. निजायला बायका आत, बाप्ये गच्चीवर. फलटणला ही दोन पोरांच्या मधी निजली. एक लाथा मारायचं, दुसरं अंथरूण ओलं करायचं. वर एक आजेसासू उशाला बसून इचारायची, गंठण किती तोळ्याचं गं.

आन् शनवारी नवऱ्याची, विश्वजितची, मिरजेहून रेल्वे. त्यो सेलमला गलाई करतो, चुलत्याच्या दुकानात. मोडीचं सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. दुकानाच्या वर एक खोली, त्यात सहा जण निजत्यात. तिथं बायकूला कुठं नेणार? दिवाळीपातूर खोली बघतो म्हणलाय. म्हंजे हिच्या हातात काय उरलं? मंगळवार ते शुक्रवार. त्यात बुधवार-गुरवार माहेरी, शुक्रवारी बॅगा भरायच्या. उरला एक मंगळवार.

म्हणून तिनंच वाई काढली. "ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊ, मेणवलीचा घाट बघू," आसं फोनवर सासूला सांगितलं. देवाचं नाव घेतलं की सासू न्हाई म्हणत न्हाई. आन् पाव्हण्यांच्या बाथरूमात बसून, नळ सोडून, ही मोबाइलवर वाईतल्या खोल्या बघायची. पाचगणीच्या रस्त्याला एक रिसॉर्ट हुतं, तिथं पोहायचा तलाव, पण फोटोत नुसती दुसऱ्यांचीच पोरं. मेणवलीला एकांच्या घरातच खोली हुती, "घरच्यासारखं वातावरण" लिहिलेली. ती बघूनच हिनं मोबाइल उलटा ठेवला. शेवटी घाटाजवळचं एक जुनं लॉज धरलं. लोक म्हणं खिडकीतनं काय दिसतं ते बघत्यात. हिनं फोटो मोठा करून दाराला आतनं कडी हाय का बघितली. हुती. वर एक, खाली एक.

मंगळवारी दुपारी चारला पोचली. मॅनेजरनं आधारकार्ड मागितलं, तर हिच्या कार्डावर अजून बापाचं आडनाव. त्यो चष्म्यातनं एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं. हिनं हातातला चुडा दाखवला, लग्नाचा फोटो दाखवला, तवा किल्ली मिळाली. वर गेली. पांढरी चादर, एक पंखा, खिडकीतनं नदी आन् घाटावर धुणं वाळत घातलेलं. ही पलंगाच्या कडंला टेकली आन् तिला वाटलं, आता कुणी उठ म्हणलं तर मी रडीन.

विश्वजित खिडकीपाशी उभा. म्हणला, "पाण्याची बाटली घिऊन येतो. दोन मिंटं."

"नळाला पाणी हाय की."

"ते प्यायचं नसतं गं. आलोच."

पूजे, पाऊण तास. हिनं आंघोळ केली, केस पुसलं, मोरपंखी साडी नेसली, बॅगंतलं नारळ काढून कोपऱ्यात रचलं. पाऊण तासानं दार वाजलं. उघडलं तर विश्वजित, आन् त्याच्याम्हागं पन्नाशीचा एक माणूस, बोटं तेजाबानं पिवळी झालेली, तोंडभरून हसतोय.

"हे ज्ञानूतात्या," विश्वजित म्हणला. "बाजारात ह्यांचं गलाईचं दुकान हाय. आपल्या खालच्या आळीचं."

तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकून पाया पडली. तात्या म्हणला, "औक्षवंत व्हा. सूनबाई, बॅगा भरा. वाईत मी आसताना तुमी लॉजवर? उद्या गावात तोंड दाखवू का नको मी?"

आता ह्या लोकांचं तुला म्हाइत न्हाई. गलाईवाल्यानं कुठल्याबी गावात पाय ठेवला की पहिल्यांदा आपला माणूस हुडकायचा. कोचीन असू दे न्हाईतर काश्मीर, आपल्याकडचा कुणीतरी असतोच, आन् मंग त्याच्याच दुकानात पथारी टाकायची. भाड्याच्या खोलीत उतरणं म्हंजे गावच्या माणसाला परकं म्हणणं. विश्वजितचं पाय आपोआप त्या बाजारात गेलं. पण थांब, हितं खरी गोष्ट. त्याला म्हाइत हुतं. तात्या वाईत हाय हे त्याला आधीपास्नं म्हाइत हुतं.

तात्या जिन्यात फोन करायला गेला, तसं हिनं इचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो आसतो तर तू वाईला आली नसतीस." त्यो नारळांकडं बघत म्हणला. "आगं, सोळा वर्षांचा हुतो मी. तवा ह्यांचं दुकान नडियादला, मी तिथंच कामाला. कावीळ झाली. वैनीनं, तात्याच्या बायकूनं, दीड महिना मला उसाचा रस पाजला, माझं कपडं धुतलं. नुसतं भेटून यायचं हुतं. तात्या म्हणला, कुठं उतरलाय. खोटं कसं बोलू?"

"मंग आता?"

"तू म्हणशील तसं."

ह्याचाच तिला लय राग आला. तू म्हणशील तसं म्हंजे काय? गेलो तर तू म्हणलीस म्हणून, न्हाई गेलो तर तू म्हणलीस म्हणून.

तात्या परत आला. "तुमच्या वैनीनं कोंबडी सांगितलीया. सूनबाई आत पोरींसंगं निजतील, आपण दोघं दुकानात. लय दिवसांनी बोलू गड्या." आन् बोलता बोलता त्यानं एक बॅग उचललीसुदीक. त्याचा जीव खरंच आनंदला हुता गं. त्याच्यावर रागवायला जागाच नव्हती, हेच वाईट.

संयोगितानं त्या बॅगंकडं बघितलं. परत एक घर. परत पाटावर बसायचं, ओटी, नारळ, परत कुणाच्यातरी पोरींच्या मधी निजायचं, गंठण किती तोळ्याचं. तिचं पाय जाग्यावरनं हलंनात. ती म्हणली, "तात्या, तुमी रागवू नका. ह्यास्नी घिऊन जावा. मी हितंच राहती."



"एकटी?" तात्या म्हणला.

"मला झोप आलीया, तात्या. बारा दिवस झालं." तिचा आवाज रडका नव्हता, चिडकाबी नव्हता. नुसता खाली बसलेला. "वैनींस्नी म्हणावं, पुढच्या टायमाला चार दिवस राहीन. आज मला जेवणबी नको."

तात्यानं बॅग हळूच खाली ठेवली. विश्वजितच्या तोंडाकडं बघितलं. आता त्यानं एवढंच म्हणायचं हुतं की मीबी हितंच थांबतो. एवढंच. हिनं मनातल्या मनात धा आकडं मोजलं. त्यो म्हणला, "बरं. सकाळी लवकर येतो. कडी लावून घे."

दोघं गेलं. हिनं दोन्ही कड्या लावल्या. वाटलं आता रडू यील, म्हणून उशी जवळ घेतली. आन् पूजे, रडायच्या आधीच झोप लागली. संध्याकाळचं सहा वाजलं हुतं, बाहेर देवळातली घंटा वाजतीया, अंगावर तीच मोरपंखी साडी. सकाळी सात वाजता डोळं उघडलं तवा तिला वाटलं, कुणीतरी डोक्यावरनं पाण्याची कळशी उतरवली.

खिडकीतनं बघितलं तर विश्वजित घाटाच्या पायरीवर बसलाय, मांडीवर स्टीलचा डबा. ही खाली गेली. एक पायरी सोडून बसली.

"झोपलीस?"

"व्हय. तुमी?"

"न्हाई. तात्या बोलतच हुता." त्यानं डबा पुढं केला. "वैनीनं धपाटी दिल्यात. लोणीबी हाय. मी सांगितलं, तुझं डोकं दुखत हुतं."

"डोकं कुठं दुखत हुतं?"

"मंग काय सांगू?"

हिनं धपाटं मोडलं. लय भूक लागली हुती. तीन खाल्ली. त्यो बघत हुता, मंग म्हणला, "मला तवाच थांबायचं हुतं. पण तात्यानं बॅग खाली ठेवली न्हवं, ते बघितलं आन् तोंडातनं 'बरं' निघून गेलं."

हिनं डब्याचं झाकण लावलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सासूबाई. रातीतच गावात बातमी पोचली हुती, की नवऱ्याला दुकानात निजवलं आन् सूनबाई एकटी लॉजवर.

शनवारी मिरजेला त्याला सोडायला आठ जण गेली. हिला गाडीच्या खिडकीपातूर जायलाबी मिळालं न्हाई, सासऱ्यांच्या खांद्यावरनंच हात हलवला. आता गावात सगळी म्हणत्यात, पोरगी ताठ हाय. त्याचं तिला काय वाटत न्हाई. काल माझ्यापाशी म्हणली, "समद्यात वाईट काय ठावं हाय का? मला त्याची आठवण येतीया, रोज येतीया. पण मंगळवार आठवला की पहिल्यांदा ती झोपच आठवती."

आता बोल. मी तिला म्हणलं, तू चुकलीस, दोन घास खाऊन परत यायचं हुतंस. मंग वाटलं, मला काय ठाऊक, मी कुठं बारा दिवस नारळ वाहिलं हुतं. तू आसतीस त्या खोलीत, तात्याच्या हातात बॅग, नवरा म्हणतोय तू म्हणशील तसं, तर तू काय केलं असतंस गं?