तुडवलेला तळ

नाथाच्या नडगीत बोटभर पोकळी होती आणि त्या पोकळीत डॉक्टरांनी पिठाच्या खळीसारखं काहीतरी भरलं होतं. तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, ठमाबाईच्या जिवाला थारा नव्हता.

कोपरीचं मिठागर बंद पडलं तसा नाथा मानपाड्याच्या कंपनीत वॉचमन लागला होता. तिथंच पिंप गडगडत त्याच्या पायावर आलं. हाड मोडलं, मग सडलं. सडलं तेवढं काढून टाकलं. पाय कापायचा की ठेवायचा, इथवर गोष्ट आली तेव्हा ठाण्याच्या इस्पितळातले सुधीर डॉक्टर म्हणाले, नवं आहे, जेल म्हणतात, बघूया. हा नुसता मांडव. वेल तुमच्याच हाडाचा, दोन्हीकडून चढेल. चढला की मांडव आपोआप विरून जाईल. फक्त पायावर भार द्यायचा नाही. मांडव खचला तर कापण्यावाचून इलाज नाही.

मांडव ठमाबाईला कळत होता. दारच्या दुधीला रोज नवा तणावा दिसे. इथं प्लास्टरच्या आत काय दिसणार? ती चुलीपासून उठे, पायाशी येई, पुन्हा चुलीकडं जाई. एकदा तर तिनं पायाला कान लावला.

"हाड काय पावा वाजवतंय?" नाथा हसला. पण हसणारा रात्रंदिस तळमळत होता.

एका दुपारी पाणी भरून येताना तिला आवाज आला. धप्. धप्. नाथा खाटेच्या कडेला बसून प्लास्टरची टाच जमिनीवर दाबत होता, ओठांत मिठागराचं गाणं:

पाय गो पडं पायावरी, चिखल झाला पाट
तळ गो धरला वाफ्यानं, मीठ बघतं वाट

कळशी तिच्या कमरेवरून निसटता निसटता राहिली.

"कच्च्या तळावर मीठ धरलेलं कवा बघितलंस?" नाथा म्हणाला. "तुडवल्याबिगर काय धरतंय गो?"

 लग्नाच्या साली दोघांनी हातात हात घालून हेच गाणं म्हणत मिठाचे वाफे तुडवले होते, तळाचा चिखल फळीसारखा घट्ट होईस्तोवर.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. खालच्या अंगाला जेल चेपलं होतं, काळं रितं दिसत होतं. वरून मात्र दुधाच्या वाफेसारखं काही उतरू लागलेलं. ते म्हणाले, एवढा वेल जिवंत आहे. आता पुन्हा दाबलं तर माझ्या हातात काही नाही.

घरी आल्यावरही टाच आपसूक उचलली जायची. तुडवणाऱ्याचे पाय ते, त्यांना निजणं ठाऊक नाही. ठमाबाईनं तो पाय उशीवर ठेवला, जुन्या लुगड्यानं खाटेला बांधला. मग अंगणात पाणी ओतलं, काष्टा खोचला आणि तुडवायला लागली. शेजारणी पदराआड हसून म्हणाल्या, म्हातारीला नाचाची हौस आली.

"डावीकडं कच्चं रायलंय," खाटेवरून नाथा म्हणाला. ती डावीकडं सरली. त्याचा पाय उशीवर गप्प होता.

पुढच्या एक्स-रेत पांढरं तांदळाएवढं खाली आलं होतं. तांदळाएवढंच.

"धरला का तळ?" रोज दुपारी नाथा उतावीळपणे विचारी.

"आजून नाय. तुमी बसा गप, तुडवाया मी हाय," ती म्हणे, आणि तो पाहत नाही असं बघून, घट्ट होत आलेल्या चिखलावर आणखी एक कळशी ओती.