रावजींची हजेरी

दिघीच्या धक्क्यावर मनुबाई लाँच सर्व्हिसची हजेरी सकाळी सातला व्हायची, आणि पहिलं नाव असायचं रावजींचं. हे जुने मालक. अकरा वर्षांपूर्वी आपल्या पहिल्या लाँचसकट खाडीच्या तोंडाशी गडप झाले. चार फळ्या मिळाल्या, रावजी नाही. तेव्हापासून बुधाजी तांडेल त्यांचं नाव पुकारायचा आणि सगळे खलाशी एका सुरात म्हणायचे, "हाय." गेलेल्याची हजेरी सगळ्यांनी द्यायची, असा इथला रिवाज. ऑफिसात कल्पिताही कॉम्प्युटरवर रावजींपुढे मुकाट्याने 'हजर' लावायची.

मग रावजींच्या नातवाने, रितेशने, पोर्टल आणलं. तोवर हजेरी, रजा, डिझेल, लाँचवरच्या पाळ्या, सगळ्यांचे प्रोग्रॅम वेगळे आणि पासवर्डही वेगळे.

"आता एकच दार, वहिनी," रितेश कल्पिताला म्हणाला. "एका ठिकाणी लिहिलं की सगळीकडे लागतं."

पोर्टलने हजेरी चाळली. अकरा वर्षांत एकही रजा न घेतलेला माणूस त्याला सापडला, आणि त्याने त्यालाच सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं. आता हरेक मंजुरी रावजींकडे.

"म्हाताऱ्याला बढती लागली," बुधाजी हसला. "पेढे कोन देनार?"

दुसऱ्या दिवसापासून मंजुऱ्या यायला लागल्या. डिझेल पाच लिटर कापून. बुधाजीने पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस मागितले, तर उत्तर आलं, 'दोन पुरे. हळदीत नाचून गुडघे धरून बसतोस.' बुधाजीचं हसू आटलं. असं बोलणारा त्याला एकच माणूस ठाऊक होता. रितेशने पोर्टलवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, सगळं नीट चाललंय.

गुरुवारी दुपारी कल्पिताने पाळ्यांचं पान उघडलं. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'धनेश. बदली. रावजींच्या लाँचवर. आज चारपासून.'

साडेतीन झाले होते. धनेश धक्क्यावर दोर सोडत होता. ती पळत गेली.

"लाँचवर जाऊ नका."

"अगं, मानसं बसलीत."

"बुधाजीकाका नेतील. तुम्ही ऑफिसात चला."

त्याला खुर्चीत बसवून तिने अकरा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. रावजींपुढचं 'हजर' पुसलं आणि 'मयत' लिहिलं.

चार वाजले. खाडी तेल ओतल्यासारखी शांत होती. बुधाजीची लाँच जाऊन सुखरूप परतली. कल्पिताने श्वास सोडला आणि पुन्हा पान उघडलं. रावजींच्या लाँचवर दोन नावं होती, रावजी आणि धनेश. एका ठिकाणी लिहिलेलं सगळीकडे लागलं होतं. धनेशपुढेही 'मयत'.

तिने दुरुस्तीचं बटण दाबलं. उत्तर आलं, 'मंजुरीसाठी रावजींकडे पाठवले.'

"मेलेल्याला चहा देतेस," धनेश कपात बघत म्हणाला, "त्यात साखर तरी घाल."

ती हसली नाही. घरी जाईपर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही.

सकाळी सातला धनेश रांगेत, आपल्या नेहमीच्या जागी. कल्पिता ऑफिसच्या दारात. बुधाजी आता मोबाईलवर पोर्टल बघूनच नावं पुकारायचा.

"रावजी."

"हाय," सगळे म्हणाले.

बुधाजीने बोटाने पान सरकवलं. "धनेश."

धनेशने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच, एका सुरात, सगळे म्हणाले, "हाय."

आणि तो उभा होता तिकडे कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.