घंटी वाजते आहे तोवर

"बाबा, तो दिसला पाहिजे. नुसता ऐकू येऊन भागत नाही," मुलगी दारात चपला चढवता चढवता म्हणाली.

"माझे कान अजून शाबूत आहेत."

"कानांबद्दल कोण बोलतंय? ताई पाच वर्षांची आहे. ती पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसली आणि तुम्ही मधूनमधून हाक मारत राहिलात तर चालेल. बोका सोळा महिन्यांचा आहे. त्याला एक मिनिटसुद्धा नाही. आणि ताईच्या भरवशावर तर मुळीच नाही."

"तुला मी असंच वाढवलं."

"मला आईनं वाढवलं, बाबा. तुम्ही दार लावून आत बसायचात."

हे ती हसत हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. ती दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे तिला जिथे तिथे अपघात दिसतात असं माझं ठाम मत होतं. आमच्या शेजारणीलाही ती चमच्याच्या टोकावरून बौद्धिक देते. जावई फिरतीवर असतात. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा सकाळी आठ ते दुपारी चार नातवंडांचा सगळा कारभार माझ्याकडे होता. थोरलीला घरात सगळे ताई म्हणतात. धाकटा मांजरासारखा प्रत्येक भांड्यात तोंड घालतो, म्हणून तो बोका.

मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजारातलं दुकान बंद केलं तेव्हा टेबल, दिवा आणि हत्यारं घरातल्या मागच्या खोलीत आणली. त्या खोलीचं दार मी लावून घेतो आणि त्याला कारण आहे. धूळ हा एक भाग झाला, पण खरी गोष्ट अशी की त्या टेबलावर सगळा बारीक माल असतो. स्क्रू, चाकं, बटणाएवढे सेल. एकदा बोक्याने टेबलाखालून एक सेल उचलून थेट तोंडात टाकला होता. मी बोट घालून काढला आणि त्या दिवसापासून दार पक्कं बंद. मुलं दाराबाहेर सुखरूप, असा माझा हिशेब होता.

दार लावल्यावर मूल काय करतंय ते कळायचं कसं, यावरही मी तोड काढली होती. खेळण्यातल्या एका मोडक्या घड्याळाची करंगळीच्या पेराएवढी घंटी माझ्याकडे पडून होती. ती मी सेफ्टी पिनेने बोक्याच्या झबल्याला पाठीमागे अडकवली. तो चालला की वाजे, बसला की दोनदा वाजे, पडला की जोरात वाजे. वाजायची थांबली की मी उठून बघायचो. मुलीला मी हे मोठ्या ऐटीत दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. "बाबा, माणूस आहे तो," म्हणाली.

एकदा बोक्याने घंटी ओढून काढली आणि सोफ्याखाली टाकली. आवाज थांबल्यावर मी हातातलं काम टाकून पळत बाहेर आलो, तर साहेब मजेत उशी चावत बसलेले. आत जाऊन बघतो, तर गडबडीत एक स्प्रिंग उडून गेलेली. ती शोधायला तासभर गेला. मी ताईवर चिडलो.

"घंटी थांबता कामा नये. समजलं का? घंटी वाजत राहिली की आजोबांचं काम होतं."

"हो," ती म्हणाली.

हे वाक्य मी तिला दिलं. ते तिने नीट सांभाळून ठेवलं, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी साडेदहाला मी बोक्याला भरवलं आणि ताईला रंगाची पेटी काढून दिली. हाताला तेल लागलं होतं म्हणून बाथरूममध्ये जाऊन हात साबणाने खसखसून धुतले. नळाला पाणी दुपारी नसतं, तेव्हा तिथे बादली अर्धी भरून ठेवलेली होती. हात पुसत पुसत बाहेर आलो. बाथरूमची कडी लावली की नाही, हे मी त्यानंतर हजार वेळा आठवून पाहिलं आहे. मला हात पुसलेला आठवतो, टॉवेल आठवतो, कडी आठवत नाही.

आत जाऊन दार लावलं आणि डोळ्याला भिंग चढवलं. टेबलावर एका शिक्षिकाबाईंचं मनगटी घड्याळ होतं, चिमुकलं, त्यांच्या आईचं. त्याची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. मान वर करायची सोय नसते. अशा वेळी माझे कानच काय ते मोकळे असतात.

बाहेरून घंटी ऐकू येत होती. दोनदा, मग काही नाही, मग खूप, मग एकदा. मग धप्प, आणि ताईचं "अरे बोक्या, माझा हिरवा दे." सगळं रोजच्यासारखं होतं.

मग केव्हातरी घंटी एकसारखी वाजू लागली. टिण, टिण, टिण. हॉलमध्ये माझं लंबकाचं घड्याळ आहे. त्याच्या दर ठोक्याला एक टिण.

आमच्या धंद्यात निरोगी कोण आणि रोगी कोण हे ओळखायची एकच खूण आहे. ठोका सारखा पडला की घड्याळ बरं. लंगडला, एक लवकर आणि एक उशिरा पडला, की दुखणं आलं. पन्नास वर्षं मी हाच आवाज ऐकत आलो. सारखा ठोका कानावर पडला की माझे खांदे आपोआप सैल होतात. त्या दिवशीही झाले. आज पोरगं शहाण्यासारखं खेळतंय, असं मला वाटलं. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. त्या टिणटिणीच्या लयीत मी ती स्प्रिंग जागेवर बसवली, स्क्रू आवळला, घड्याळाला चावी दिली आणि कानाला लावलं.

ते सुंदर चाललं होतं. बाहेरची घंटीही सुंदर चालली होती.

आणि तेव्हा मी हातातलं घड्याळ कानावरून खाली घेतलं. सोळा महिन्यांचं मूल लागोपाठ दोन पावलं सारखी टाकत नाही. ते लंगडतं, अडखळतं, मध्येच बसतं. घंटी सारखी वाजत होती, म्हणजे ती मूल वाजवत नव्हतं.

मी कसा उठलो ते मला ठाऊक नाही. भिंग डोळ्यालाच होतं. एका डोळ्याला हॉल दिसत होता आणि दुसऱ्याला नुसता फुगलेला उजेड. ताई लंबकाच्या घड्याळाखाली पाटावर मांडी घालून बसली होती. चिमटीत घंटी धरलेली, नजर लंबकावर. लंबक डावीकडे गेला की टिण, उजवीकडे गेला की टिण. शेजारी जमिनीवर उघडलेली सेफ्टी पिन.

"बोका कुठंय?"

"तिकडे," तिने मानेनेच बाथरूमकडे दाखवलं. हात थांबवला नाही.

बादलीच्या काठावर मला दोन पावलं दिसली. एका पायात मोजा होता, एका पायात नव्हता. अर्धी भरलेली बादली जड असते, ती कलंडत नाही. रिकामी असती तर कलंडली असती. हे माझ्या डोक्यात त्याही क्षणी आलं, आणि डोकं इतकं निर्लज्ज असू शकतं याचा धक्का मला अजून बसतो.

मी त्याला उचललं. तो ओला आणि मऊ होता, आणि रडला नाही. ओठ निळे पडले होते. मागच्या वर्षी मुलीने एका बाहुलीवर मला दाखवलं होतं, नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन फुंकायचं, हलकेच, गालातली हवा तेवढी. तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "बाहुली वाचली का?" फरशीवर गुडघे टेकून मी फुंकलं. छाती वर आली आणि खाली गेली. पुन्हा फुंकलं. बाहेर हॉलमध्ये घंटी वाजत होती. टिण. टिण. टिण. मला ओरडून तिला थांब म्हणायचं होतं, पण तोंड रिकामं नव्हतं.

किती वेळा फुंकलं ते मोजलं नाही. मग त्याच्या घशात काहीतरी गुरगुरलं. मी त्याला कुशीवर वळवलं. पाणी आलं, सकाळी भरवलेलं आलं, मग खोकला, मग एक चिरका, तुटका, पार लंगडा आवाज. इतका वेडावाकडा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो रडत होता.

मी त्याला छातीशी धरून हॉलमध्ये आलो. ताईने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. हात अजून हलत होता.

"आजोबा, त्याची घंटी पडली," ती म्हणाली. "मी थांबू दिली नाही."

मी खाली बसलो आणि तिचा हात धरला, तेव्हा घंटी वाजायची थांबली.

समोरचे ड्रायव्हरकाका जेवत होते, ते तसेच खरकट्या हाताने उठले आणि गाडी काढली. दवाखान्यात मुलगी आम्हाला वॉर्डाच्या दारातच भेटली. बाप भिजलेला, डोळ्यावर भिंग, कडेवर मूल. ती ओरडली नाही. तिने त्याला माझ्याकडून घेतलं, कानाशी धरलं, छातीवर नळी ठेवली, आणि मला अगदी परक्या नर्सच्या आवाजात विचारलं, "पाण्यात किती वेळ होता?"

मी तोंड उघडलं.

पन्नास वर्षं सगळं गाव मला वेळ विचारत आलं आहे. लोक रस्त्यात थांबवून आपली घड्याळं माझ्या घड्याळाशी लावून घेतात. आणि मला सांगता येईना. घंटी सारखी केव्हा झाली? स्प्रिंग बसवायच्या आधी की नंतर? एक मिनिट? तीन?

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"बाबा, डॉक्टरांना सांगावं लागेल. अंदाज तरी?"

"खरंच माहीत नाही गं."

ती आत गेली. बाकावर ताई माझ्या शेजारी बसली होती, मूठ आवळून. समोरच्या भिंतीवर दवाखान्याचं घड्याळ होतं, दोन मिनिटं मागे. मी त्याच्याकडे बघत राहिलो. आत त्या पोराचं काय होतंय, याशिवाय जगात दुसरी कुठली गोष्ट उरली नव्हती.

तासाभराने ती बाहेर आली. बोका श्वास घेत होता, बघत होता, आईचा कान ओढत होता. दोन दिवस ठेवून घेणार होते. ती माझ्या बाजूला बसली. मी तिला सगळं सांगितलं. कडी, घंटी, सगळं. घंटी ताईने वाजवली हे सांगताना जीभ अडली, कारण ऐकणाऱ्याला ती चूक पोरीची वाटली असती.

"तिला मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "घंटी थांबता कामा नये, असं. तिने ऐकलं. पाच वर्षांच्या पोरीला मी पहाऱ्यावर बसवलं आणि आपण दार लावून घेतलं."

मुलीने ताईला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही फुंकलंत म्हणून तो आहे." आणि थोड्या वेळाने, "पण बोका आता तुमच्याकडे नाही राहणार, बाबा. वॉर्डाच्या मागे पाळणाघर आहे, तिथे ठेवीन. ताई राहील."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचं म्हणणं रास्त होतं, आणि ते मला फार लागलं.

बोका घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला पाळणाघरात घेऊन गेली. त्याने दारातून मला टाटा केला, उलट्या हाताने, स्वतःकडे वळवून करतो तसा. मी मागच्या खोलीच्या दाराचे स्क्रू काढायला घेतले. मनगटी घड्याळांच्या हत्यारांनी ते हलेनात, समोरच्या ड्रायव्हरकाकांकडून मोठा पेचकस मागून आणावा लागला. दार उतरवून भिंतीला टेकवलं आणि टेबल ओढत हॉलमध्ये आणलं. धूळ येईल तर येऊ दे.

ताई पाटावर बसून बघत होती. दवाखान्यातून आल्यापासून ती कोणाशी धड बोलली नव्हती आणि उजवी मूठ उघडत नव्हती. झोपेतसुद्धा नाही, असं तिची आई म्हणाली होती.

"काय आहे गं हातात?"

तिने मूठ उघडली. घंटी. दाबून धरल्यामुळे तळव्यावर तिचा गोल उमटला होता.

"वाजू नये म्हणून धरलीय," ती म्हणाली. "वाजली तर तुम्ही येणार नाही ना."

मी तिच्या हातून घंटी घेतली, सगळ्यात बारीक चिमट्याने आतला लोलक काढला आणि घंटी तिला परत दिली. तिने ती कानाशी हलवून पाहिली. आवाज आला नाही. आणखी जोराने हलवली. मग तिने मान वर करून पाहिलं, मी येतोय का ते.

मी तिथेच होतो. डोळ्यावर भिंग नव्हतं.