कडूबाईच्या कमरेचं माप

उमापूरजवळच्या एका गावात दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात महिला दूध संस्थेच्या शेडमध्ये बायांची तपासणी ठेवली होती. आरोग्य उपकेंद्राची सिस्टर अंजना वजनकाटा घेऊन आली होती. संस्थेच्या अध्यक्ष कडूबाई पन्नाशीच्या, हातपाय काटकुळे. वजन भरलं एक्कावन्न किलो.

"बरं हाय की," म्हणून त्या निघाल्या, तर अंजनानं टेप काढली.

"आता हे कावून?"

"चरबी कुठं साठलीय ते काट्याला कळत नाही, मावशी."

कंबर भरली एक्क्याण्णव सेंटीमीटर. ऐंशीच्या आत हवी होती.

चाऱ्याच्या वाटपावरून कडूबाईंशी भांडलेली सुंदरबाई मागून म्हणाली, "जनावरांची हाडं दिसायलीत, अन् अध्यक्षांचं पोट वाढायलंय."

बाया हसल्या. कडूबाई पदर ओढून घरी गेल्या.

संध्याकाळी अंजना त्यांच्या घरी आली. "आज काय खाल्लं?"

"सात चहा झाले. भाकरी न्हाई." म्हशी चारा छावणीला गेल्यापासून कडूबाई दिवसभर संस्थेत बसून असायच्या, येईल त्याच्याबरोबर गोड चहा व्हायचा.

"हातपाय वाळतात अन् चरबी पोटात बसते. अशांनाच साखरेचा धोका जास्त. रक्त बघू."

साखर निघाली.

"माज्या अक्काचा पाय साखरेनं गेला," कडूबाई म्हणाल्या. " ती बी जाड नव्हती, माज्यावानीच होती. तिचं पोट कुणी मोजलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीवरून दूध घालायला आलेल्या बायांपुढं त्या अंजनाला घेऊन उभ्या राहिल्या. "माजी कंबर एक्क्याण्णव भरली. साखर निघाली. माज्यासारख्या वाळक्या असतील त्यांनी आधी मापून घ्या."

कुणी हललं नाही. मग सुंदरबाईच पुढं आली, खाली बघत. अंजनाची टेप अठ्ठ्याऐंशीवर थांबली. त्या दिवशी तिच्यासकट तिघींना साखर निघाली.

"लई बोलले मी काल," सुंदरबाई हळूच म्हणाली.

"बोललीस. आता गोळी चुकवू नको."

कडूबाईंनी चहातली साखर सोडली, दोन वेळा भाकरी खायला लागल्या, छावणीला पायी जायला लागल्या. चार महिन्यांत कंबर शहाऐंशीवर आली. साखरही उतरली, तरी गोळी चालूच राहिली. दर महिन्याला त्या अन् सुंदरबाई एकाच एसटीनं गेवराईला गोळ्या आणायला जातात, अन् चाऱ्यावरून वाटभर भांडतात.