अख्खा वाटा

साखरबाईला काही सांगायचं नाही, असं नलूने सकाळीच ठरवून टाकलं होतं, आणि त्यात तिचं फार चुकलं असं म्हणवत नाही. साखरबाई तिची सासू. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसलेली बाई. पोटात गोष्ट राहील तर ती साखरबाई कसली! सकाळी कानावर पडलेलं दुपारच्या आत सालवडच्या चाळींपर्यंत पोचवायची, तेही पदरच्या दोन गोष्टी घालून. आणि आजची गोष्ट दांडी गावाच्या बाहेर जाऊन चालणारी नव्हती.

झालं होतं असं. उजाडता उजाडता नलू ओहोटीच्या खाडीत चिंबोऱ्या धरायला उतरली, तर चिखलावर बोईट मासे पोट वर करून पडलेले. एक नाही, दोन नाही, पार वळणापर्यंत. पाण्यावर तांबूस तवंग, आणि नाकाला झोंबणारा वास. चिंबोऱ्यासुद्धा बिळं सोडून वर येऊन मेल्या होत्या. हे काही पहिल्यांदा नव्हतं. वरच्या अंगाला कारखान्यांचा एवढा पसारा. त्यातला कोण कधी काय सोडतो, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. दोन वर्षांत तीनदा मासे मेले, तीनदा गावाने फोन केला, आणि तीनदा प्रदूषण तपासणीचे साहेब येईपर्यंत भरतीने सगळं धुऊन नेलं. साहेब माणूस बरा. म्हणायचा, नुसत्या पाण्यावर मी काही सिद्ध करू शकत नाही, मला अख्खा मासा द्या, बर्फात ठेवलेला, कल्ल्यांसकट, आतड्यांसकट. तेवढा मिळाला तर माग काढणं माझ्याकडे लागलं.

म्हणून या वेळी नलूने अकरा बोईट वेचले, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवले आणि तिथूनच साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, अकराला खाडीच्या पुलावर येतो, साडेबाराला निघणार, कारण त्यापुढे मासा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कामाचा राहायचा नाही.

खोकं घेऊन घरी येताना वाटेत कमलाकांत भेटला. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि त्याचं तोंडच उतरलं. नलूवहिनी, साहेबाला काय सांगायचं ते सांगा, म्हणाला, पण गावात बभ्रा करू नका. मागच्या वर्षी कुणीतरी मेलेल्या माशांचा फोटो मोबाइलवर फिरवला, तर महिनाभर दांडीच्या बायकांच्या पाट्या भरल्या तशा परत आल्या होत्या. मासा होता खोल समुद्रातला, होड्यांचा. खाडीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण गिऱ्हाईक कुठे समुद्र नि खाडी वेगळी करत बसतंय! दांडीचा मासा म्हटलं की नाक मुरडायचं, की झालं. नलूही पाटी घेऊनच बसते. तिला ते दिवस चांगले आठवत होते. नाही बोलत कुणाशी, असा तिने शब्द दिला. घरामागच्या पडवीत खोकं ठेवलं, वर ओलं पोतं टाकलं, आणि साखरबाई माडाखाली तांदूळ निवडत होती तिच्यासमोरून, तिने काही विचारू नये म्हणून रिकाम्या हातानेच, मुकाट पुलाकडे गेली.

साहेब वेळेवर आला. पाण्याच्या बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. तोवर भरती लागली होती आणि चिखलावरचे मासे एकेक करून उचलले जात होते. मासे कुठायत, त्याने विचारलं. नलू म्हणाली, आहेत हो, घरात बर्फावर आहेत, आणते. तेव्हा पावणेबारा झाले होते. इतकी हलकी ती कित्येक दिवसांत चालली नव्हती.

तिने पडवीत पाऊल टाकलं. खोकं रिकामं. बर्फाचं पाणी पडवीभर वाहत होतं, आणि साखरबाई विळीवर बसून मोठ्या समाधानाने शेवटच्या बोईटाच्या पोटात मीठ भरत होती. बाकीचे सात बाजूच्या टोपलीत पांढरे होऊन पडले होते. कल्ले नाहीत, आतडी नाहीत, खवलं नाहीत. कोळणीने साफ केलेला मासा, त्यात शोधायला काय उरणार!

"आई, हे काय केलंस?"

साखरबाईने वर पाहिलं. तिला वाटलं, सून खूश होईल. बरफाचं पाणी व्हायला लागलं होतं, ती म्हणाली, तू बसलीस कुठं जाऊन, मासा वाया जाईल म्हणून हात घातला. वास थोडा उग्र आला खरा, पण खाडीचा मासा, चिखलाचा वास यायचाच. कल्ले नि आतडी नेहमीसारखी माडाच्या मुळाशी पुरली.

नलू टोपलीपाशी बसली. राग कुणावर काढायचा? मासा हाताला लागला, बर्फ वितळतंय, तर कोळणीचा हात मिठाकडे जाणारच. चाळीस वर्षांची सवय ती. सांगायला हवं होतं आपण, तिच्या मनात आलं, एका वाक्याचं तर काम होतं. मग सवयीने तिने टोपलीतले मासे मोजले. हातातला धरून आठ.

"अकरा होते. तीन कुठं हायत?"

"वाटा दिला ना," साखरबाई म्हणाली. "लाडकीला."

वाटा म्हणजे दांडीतली जुनी रीत. घरात मासा आला की ज्या घराला होडी नाही त्या घराचा वाटा आधी काढायचा, आणि तोही अख्खा द्यायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. विळी लावलेला वाटा दिला तर घेणाऱ्याचा अपमान होतो. साखरबाईच्या घराने ही रीत कधी मोडली नव्हती. लाडकी डोंगराकडची, हंगामाला बोंबील वाळत घालायच्या कामावर आलेली; नवरा वीटभट्टीवर आणि पदरात दोन लहान मुली. ती कामावरून बाराला झोपडीत जायची, रांधायची, पोरींना जेवू घालायची आणि परत कामावर यायची.

घड्याळात बाराला पाच कमी होते. पूल उजव्या हाताला, लाडकीची झोपडी डाव्या हाताला, पार ताडांच्या पलीकडे. साहेबाला थांबवायला जावं की काय, हा विचार नलूच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याची तिला आयुष्यभर लाज वाटेल. पण पाय डावीकडेच वळले.

वाटेत बोंबील वाळवायचं मैदान लागतं. वीसेक बायका बांबूंवर बोंबील टांगत होत्या, आणि कमलाकांत तिथेच हिशेबाची वही घेऊन उभा. लाडकी दिसेना. कुणीतरी म्हणालं, ती आज लवकर गेली, आज तिच्या घरी मासा हाय. नलूचा श्वास पुरेना. ताडांपर्यंत आपण वेळेत पोचत नाही हे तिला कळलं. बायकांत तिच्याहून चपळ पायाच्या चारजणी होत्या, पण त्या धावायला हव्यात तर का ते सांगायला हवं होतं. तिने कमलाकांतकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि मान हलवली. नको.

"खाडीतला मासा विषानं मेलाय," नलू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तो लाडकीकडं गेलाय. पोरी खातील. धावा."

हातातले बोंबील तिथेच टाकून बायका धावल्या. पाठोपाठ नलू. ताडांखालची वाळू पायाखाली सरकत होती, आणि झोपडीतून धूर निघताना दिसत होता. चुलीवर कालवण उकळत होतं. थोरल्या पोरीच्या पुढ्यात भात वाढलेला, धाकटी थाळी घेऊन उभी, आणि लाडकीने पळी भरून उचललेली. पुढे पोचलेल्या बाईने ती पळी हातावर फटका मारून उडवली. धाकटी रडायला लागली. नलूने आत शिरून टोप उचलला आणि दारात उलटा केला, हात भाजले तरी तिला कळलं नाही.

कुणी खाल्लं का, तिने विचारलं. लाडकी घाबरून नुसती मान हलवत राहिली. नाय, आता वाढतच होते, म्हणाली. तेव्हा कुठे नलू दाराला टेकून रडली. वर पाहिलं तर आढ्याला माडाच्या झापाच्या पातीने बांधलेला एक बोईट लटकत होता. अख्खा. कल्ल्यांसकट, पोटासकट. लाडकीने दोन शिजवले होते आणि तिसरा संध्याकाळसाठी राखला होता.

साहेबाने जीप चालू केली होती तेव्हा तो मासा घेऊन बायकांचा घोळका पुलावर पोचला. मासा त्याने नीट पाहिला, बर्फात ठेवला, डबा बंद केला. मग पंचनाम्याचा कागद काढला. मासा कुणाला मिळाला, तिथे नलूने सही केली. आता दोन साक्षीदार, साहेब म्हणाला, मासा कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते सांगणारे.

कुणी पुढे येईना. पाठोपाठ आलेला कमलाकांत हळूच म्हणाला, बायांनो, कागदावर दांडीचं नाव लागलं की उद्या बाजारात काय होईल याचा विचार करा. विचार तर सगळ्याच करत होत्या. खाली खाडी भरून आली होती आणि चिखल दिसेनासा झाला होता.

तेवढ्यात मागून धापा टाकत साखरबाई आली. वाटेतच कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं. कोपरापर्यंत हात मिठाने पांढरे, बोटांना खवलं चिकटलेली. कमलाकांतला नि नलूला ओलांडून ती साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"वाटा मी दिला," ती म्हणाली. "आमच्या घरातून आजवर कुणाला इष गेला नाय. आज माज्या हातानं गेला. माजा अंगठा घे."

तिने अंगठा उठवला. खवलं पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही, आणि कागदावर शाईत एक गोल कोरी जागा राहिली. दुसरं कोण, साहेबाने विचारलं. मागून लाडकी पुढे आली, धाकटीला कडेवर घेऊन. मी या गावची नाय, माझा अंगठा चालंल का, म्हणाली. साहेब काही बोलायच्या आत साखरबाईनेच तिचा हात धरून शाईवर टेकवला.

जीप गेली. कमलाकांतने विचारलं, उद्या बाजारात काय सांगाल? साखरबाई म्हणाली, जे झालं तेच सांगेन, घेणारा घेईल, न घेणारा जाईल. मग ती घरी आली, मीठ लावलेले आठही मासे लांब नेऊन पुरायला उचलले, आणि नलूला म्हणाली, पहार घे, आधी माडाच्या मुळाशी पुरलंय ते उकरून काढू.